ओ कुणी द्यायची

साताऱ्यात वीरधवल जगदाळे कुठं राहतो म्हणून विचारलंत, तर चार माणसं चार दिशा दाखवतील. ‘टोपीवाला’ कुठं राहतो विचारा, गोडोलीतलं शेंबडं पोरगंसुद्धा तुम्हाला त्याच्या दारापर्यंत सोडायला येईल. वर त्याची नक्कलही करून दाखवेल.

‘इस्कटून’ हे त्याच्या चॅनेलचं नाव. दर शनिवारी एखादं नवं पुस्तक नाहीतर एखादा नवा गेम घ्यायचा आणि तो कसा आहे ते इस्कटून सांगायचं, हा उद्योग. त्याची एक ठरलेली रीत होती. लाल टोपी सरळ, चेहरा गंभीर, आवाज सत्यनारायणाची पोथी वाचल्यासारखा. अर्धा मिनिट तोंड भरून कौतुक करायचं. मग गप्प व्हायचं, कॅमेऱ्यात रोखून बघायचं आणि झटक्यात टोपीचं तोंड मागं फिरवायचं. टोपी फिरली की समोरच्याची सालटी निघायला सुरुवात. कौतुक ऐकायला कोण थांबतंय? खाली आधीपासूनच पोरांचा धोशा चाललेला असे : ‘टोपी फिरव रं’, ‘भावा, किती वेळ लावतोस?’

आता तो सगळं वाचून, सगळं खेळून बोलायचा का, असं विचाराल तर त्याचा बाप, निवृत्त सुभेदार नाथाजी, हेच विचारायचा. “सगळं वाचतोस ना रे? बघितल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नसतो.” वीरधवल म्हणायचा, “वाचतो की.” खरं म्हणजे पुस्तकाची सुरुवातीची चार पानं, शेवटचं पान आणि मागच्या कव्हरवरचा मजकूर एवढ्यावर त्याचं भागायचं. कादंबरीचा मधला भाग त्यानं कित्येक वेळा मनानंच रचून सांगितला होता आणि एकाही लेखकानं तक्रार केली नव्हती. गेमचंही तेच. जरा खेळायचं, हसण्यासारखं काही सापडलं की रेकॉर्डिंग करून ठेवायचं आणि फोन खाली. हुशार होता, त्यात वाद नाही. पण आळशी माणूस हुशार निघाला की त्याला कुणी पकडत नाही, आणि हेच त्याचं वाटोळं करत होतं.

‘हाळी’ नावाचा गेम त्याच्याकडे ईमेलनं आला. बनवणारी पल्लवी गलांडे, आटपाडीकडची, सांगलीत शिकलेली. तिनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. गेम छोटा आहे, मराठीत आहे. शेवटपर्यंत खेळावा ही विनंती.

‘शेवटपर्यंत’ वाचून वीरधवलला हसू आलं.

गेममध्ये माळ होता आणि मेंढरं होती. खेळणारा मेंढपाळ. दिवाळी झाली की कोरड्या माळावरून कळप घेऊन निघायचं, उसाच्या मुलखातून वाट काढत पश्चिमेला जायचं. बंदूक नाही, मारामारी नाही. मेंढरं पांगली की बटण दाबायचं, मग एक माणूस हाळी द्यायचा, “याऽऽ गं बायांनोऽऽ!” जाडाभरडा आवाज, ‘बायांनो’वर येऊन चिरकायचा. त्या आवाजासरशी मेंढरं माना वर करून गोळा व्हायची. सुरू करतानाच गेमनं माईक वापरायची परवानगी मागितली होती. वीरधवलनं ‘नाही’वर बोट ठेवलं. पहिली नदी आली, मेंढरं पाण्यात उतरेनात, तेव्हा त्यानं फोन बाजूला टाकला. सामान भरपूर मिळालं होतं.

शनिवारी टोपी सरळ करून तो म्हणाला, “मंडळी, आजवर लय गेम खेळलो. पण असा आवाज कुठल्याच गेममध्ये ऐकला नाही. या माणसानं हाळी दिली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा आवाज अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकायला पाहिजे.”

मग टोपी फिरली.

“पाणी आलं, कारण कानाला हेडफोन होता! आरं, त्या काकांना कुणीतरी हळद-दूध द्या रं. मेंढरं हाळी ऐकून येत न्हाईत, काकांना काय झालं ते बघायला येत्यात. आणि ह्या गेमला माझा माईक कशाला पाहिजे? मेंढरांना माझ्याशी काय बोलायचंय?” त्यानंतर ती हाळी त्यानं कशाकशाला जोडली होती! लग्नातल्या डीजेला, क्रिकेटच्या अपीलला, नेत्याच्या भाषणाला. त्याच्या सगळ्या व्हिडिओंत हा सगळ्यात जास्त चालला. हसून हसून आमच्याही पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू?

हाळी मोबाइलमधून बाहेर पडून रस्त्यावर आली. साताऱ्याच्या स्टँडवर एकदा वीरधवल उभा होता. एसटीतून कॉलेजच्या पोरी उतरल्या आणि कठड्यावर बसलेल्या टोळक्यानं मागून सूर लावला, “याऽऽ गं बायांनोऽऽ!” पोरी माना खाली घालून झपझप निघून गेल्या. वीरधवलला कसंतरीच झालं. तेवढ्यात टोळक्यातल्या एकानं त्याला ओळखलं, “भावा, एक नंबर!” म्हणत अंगठा वर केला, आणि वीरधवलनंही अंगठा वर केला. सवय, दुसरं काय.

पुढं एका दुपारी त्याला फोन आला.

“हॅलो, टोपीवालं साहेब का? मी आप्पासो गलांडे बोलतोय, आटपाडीकडनं. ती हाळी माझी हाय.”

वीरधवलनं फोन कानापासून चार बोटं लांब धरला. शिवी येणार याची त्याला खात्री होती.

“लय उपकार झालं बघा साहेब. तुमी जे बोललासा, त्ये मी रोज ऐकतो. माझी पोरगी पल्लवी, तिनं मोबाईलवर टाकून दिलंय. आमच्या वस्तीवर बिरोबाची जत्रा हाय. तुमी यायाच पायजे. तुमचा सत्कार करायचा हाय. न्हाई म्हनू नगासा.”

फोन ठेवल्यावर आप्पासोंनी आपण रोज ऐकतो तो व्हिडिओ कुणाकडून तरी पाठवूनही दिला. त्यात अर्धाच मिनिट होता. ‘अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकायला पाहिजे’पर्यंत. टोपी फिरायच्या आधी कुणीतरी नेमकी कात्री लावली होती.

वीरधवलचा कॅमेरा आणि एडिटिंग बघणारा जयराज ते बघून खुर्चीत उड्याच मारायला लागला. “आयला, म्हाताऱ्यानं टोपी फिरलेली बघितलीच न्हाई! गड्या, असलं शोधून सापडत नसतंय. जाऊ. हार घाल, फेटा बांधून घे, भाषण ठोक, आणि शेवटी कॅमेऱ्यात बघून टोपी फिरव.”

“बघू,” वीरधवल म्हणाला. आणि बघू म्हणणारा माणूस शेवटी जातोच.

पुसेगाव, वडूज, मायणी करत गाडी निघाली. वीरधवल चालवत होता आणि जयराज शेजारी बसून येत्या शनिवारच्या कादंबरीचं शेवटचं पान मोठ्यानं वाचत होता. मायणी मागं पडेस्तोवर कादंबरीचा निकाल लागलासुद्धा. पुढं हिरवं कमी होत गेलं, माळ लागला. आटपाडीच्या पलीकडं वस्तीकडं जाणारा फाटा होता, तिथं बाभळीखाली स्कूटी लावून एक मुलगी उभी होती. तिनं हात केला.

“मी पल्लवी,” ती म्हणाली. काच खाली व्हायची वाट तिनं बघितली. “आत जायच्या आधी एक सांगायचं होतं. तो अर्धा मिनिट मी कापला.”

वीरधवलनं गाडी बंद केली.

“गेम तुमच्याकडं पाठवला, तवापासनं आबा रोज विचारायचे, टोपीवाल्यानं बघितला का, काय म्हणला. तुम्ही जे म्हणला ते त्यांना कसं सांगू? म्हणून कापून दिला. वाटलं, चार दिवस ऐकतील आणि विसरतील. त्यांनी कुणाकुणाला विचारून तुमचा नंबर मिळवला.”

“वस्तीवर बाकी कुणाला...”

“पोराठोरांना सगळं माहीत आहे. माझ्या आईला माहीत आहे. कुणी तोंड उघडलेलं नाही. ज्यांच्या मोबाइलमधी तुमचा व्हिडिओ होता, त्यांनी आबांच्या समोर तो लावायचा नाही, असं आपसात ठरवलंय.” तिचा आवाज कोरडा होता. रागसुद्धा नव्हता त्यात, आणि त्यामुळंच वीरधवलला तिच्याकडे बघवेना. “तुमच्याकडून काही नको. तो अर्धा मिनिट तेवढा परत बोला. पाठ असेलच. आणि टोपी गाडीत ठेवा.”

‘सॉरी’ त्याच्या ओठांपर्यंत आलं, तोवर स्कूटी सुरू झाली होती. त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुढच्या काचेखाली ठेवली. जयराज म्हणाला, “मग आलो कशाला?” वीरधवलनं गाडी स्कूटीच्या मागं घातली.

बिरोबाचं देऊळ लहानसंच, पण पुढं मांडव ऐसपैस. ढोल वाजत होते, भंडारा उधळून माणसं पिवळी झालेली. आप्पासो पायताण न घालताच गाडीपर्यंत पळत आले. वाळकी अंगकाठी, गुडघ्यात जरा वाकलेले, मिशीवर भंडारा. वीरधवलचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत धरले आणि सोडलेच नाहीत. तसंच धरून त्याला मांडवात नेलं, वाटेत भेटेल त्याला सांगत, “ह्येच ते. ह्येंच्या डोळ्यांत पानी आल्तं.” माणसं कौतुकानं बघत होती. तरणी पोरं मात्र बाजूला सरकत होती. एकानं असं रोखून बघितलं, की वीरधवलनंच मान फिरवली.

फेटा आप्पासोंनी स्वतः बांधला. मग हातात काठी दिली आणि खांद्यावर काळं, जाड घोंगडं टाकलं. धनगराच्या वस्तीवर यापेक्षा मोठा मान नसतो. आप्पासोंची बायको हरणाबाई पुढं येऊन घोंगड्याची घडी सारखी करत हळूच म्हणाली, “शेवटच्या कातरणीची लोकर हाय ती. मेंढरं इकायच्या आदी कातरलेली.” ती नवऱ्याकडे बघत होती, पाहुण्याकडे नाही. हिलाही सगळं माहीत आहे, हे वीरधवलला आठवलं आणि ते घोंगडं त्याला पेलवेना. त्याला लाज वाटली. साधी, सरळ, लहानपणी चोरी पकडल्यावर वाटते तसली लाज. असं काही वाटून त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

आप्पासोंनी माईक घेतला. तो त्यांनी काठीसारखा धरला होता.

“मला भाषन येत न्हाई. गुडघं गेलं, पोरं शिकाय गेली, मेंढरं इकून टाकली. समद्यांनीच इकली. पर हाळी काय इकाय येत न्हाई. ती ऱ्हायली की घशात! सकाळी उठलं की तोंडात यायाची, आन म्होरं तर काय न्हाई. कुनाला द्यायाची? मग पल्लीनं ती गेममदी घातली.” ते थांबले, हसले. “आता आटपाडीच्या स्टँडवर गेलो की पोरं माझी हाळी देत्यात. मला बघून न्हवं, आपापसात देत्यात. मी बी लांबनं ओ देतो. हाळी ऐकली की ओ द्यायाची, त्यो आमचा कायदाच हाय. माळावर ज्याला ओ मिळत न्हाई, त्यो येडा हुतो. मी ओ दिली की पोरं हसत्यात, टाळ्या देत्यात. लय बरं वाटतं. ह्ये समदं ह्या पाव्हण्यामुळं झालं.”

म्हातारी मंडळी माना डोलवत होती. तरणी पोरं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. वीरधवलला साताऱ्याच्या स्टँडवरच्या त्या पोरी आठवल्या, स्वतःचा वर केलेला अंगठा आठवला. जयराज कॅमेरा धरून समोर उभा होता, पण त्याच्याही तोंडावरचं हसू गेलं होतं.

मग वीरधवल बोलला. शब्द न शब्द पाठ होता, सूरही तोच लागला. “असा आवाज कुठल्याच गेममध्ये ऐकला नाही. या माणसानं हाळी दिली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.” टाळ्या पडल्या, ढोलावर थाप पडली. पल्लवी खांबाला टेकून उभी होती, तिनं श्वास सोडला. झालं, आता जेवण करायचं आणि गाडीत बसायचं, असं वीरधवल मनात म्हणत होता, तोवर आप्पासोंनी माईक परत त्याच्या तोंडापुढं धरला.

“आता शेवट सांगा.”

“शेवट?”

“गेमचा वो. माझी बोटं जाड, काचंवर चालत न्हाईत. पल्ली म्हनती, आबा, शेवट मी सांगनार न्हाई, खेळनारानं सांगावा. हितल्या पोरांनी बी सांगितला न्हाई, तिनं बजावलंय. म्हटलं, पाव्हणा येऊ द्या. एवढा जीव लावून खेळलेला मानूस हाय. सांगा ह्या मंडळीस्नी, मेंढरांचं शेवटी काय हुतंय?”

वीरधवलनं पल्लवीकडे बघितलं. हे तिच्याही ध्यानीमनी नव्हतं, तिचा चेहरा पांढरा पडला होता. पुढं सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्या ऐकायला सरसावून बसल्या. या सगळ्यांची मेंढरं कधी ना कधी गेली होती, आणि या मेंढरांचं काय झालं ते त्यांना खरोखरच ऐकायचं होतं.

रचून सांगणं त्याला जड नव्हतं. ‘सगळी सुखरूप घरी आली’ म्हटलं असतं, तर मांडव डोक्यावर घेतला असता लोकांनी. कितीतरी कादंबऱ्यांचे शेवट त्यानं असेच लावून टाकले होते. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण समोर आप्पासो मान कलती करून बसले होते, कीर्तनाला बसल्यासारखे, आणि त्यांच्यापुढं ते खोटं त्याला बोलवेना.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “मी खेळलो नाही. म्हणजे... पहिल्या नदीपर्यंतच खेळलो.”

माईक चालू होता. कर्ण्यातून ते माळभर गेलं.

आप्पासोंना आधी नीट कळलं नाही. “पयली नदी? मंजे सुरवातीलाच?”

“हो.”

“मग डोळ्यांत पानी कशानं आलं?”

वीरधवल खाली बघत उभा राहिला. आप्पासो हळूहळू पोरीकडे वळले. म्हातारे होते, अडाणी नव्हते. डोळ्यांपुढं एकेक गोष्ट जोडली जाताना दिसत होती.

“पल्ले, ती स्टँडवरची पोरं. त्यांनी बी खेळला न्हाई व्हय?”

पल्लवीनं मान खाली घातली.

“मग हसत्यात कशाला?”

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. आप्पासोंनी मिशीवरून हात फिरवला, हाताला लागलेला भंडारा बघितला, धोतराला पुसला. माईक अजून दुसऱ्या हातातच होता, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

“मी ओ देत हुतो,” ते स्वतःशीच म्हणाले. कर्ण्यानं तेही सगळ्यांना ऐकवलं.

जयराजनं कॅमेरा खाली घेतला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मागं बसलेली दोन-तीन तरणी पोरं ताडकन उठली. इतके दिवस गिळलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं होतं. एकजण बाह्या सारत पुढं यायला लागला. वीरधवलला वाटलं, येऊ दे. एक कानाखाली बसली असती तर बरंच झालं असतं, निदान काहीतरी फिटलं असतं. पण आप्पासोंनी हात आडवा केला.

“बसा खाली. पाव्हणा हाय.”

“आवं आप्पा, पर ह्येनं...”

“बस म्हटलं न्हवं.” मग ते वीरधवलकडे वळले. आवाज चढला नव्हता, फक्त मघाचं हसू त्यात नव्हतं. “गेम हाय का तुमच्या मोबाईलमदी?”

“आहे.”

“बसा हितं कट्ट्यावर. खेळा आता. आमी थांबतो.”

वीरधवल देवळाच्या कट्ट्यावर बसला. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात फोन. गेम उघडला. त्यानं पुन्हा माईक मागितला. या वेळी वीरधवलनं ‘हो’ म्हटलं. ज्या ठिकाणी सोडला होता, तिथूनच तो सुरू झाला. पहिली नदी, काठावर अडून राहिलेली मेंढरं. भोवती जमलेल्या पोराबाळांनी बघितलं, की साहेब कुठपर्यंत आले होते.

आप्पासो शेजारी बसले. मेंढरं पांगली की वीरधवलला बटण दाबावं लागे आणि फोनमधून हाळी येई. प्रत्येक वेळी ती ‘बायांनो’वर चिरकत होती. आधी आप्पासो आपला आवाज ऐकून खुलत असतील. आता ते कान देऊन ऐकत होते, यात लोकांना हसण्यासारखं काय सापडलं ते शोधत असल्यासारखे. बटण दाबायचं वीरधवलच्या जिवावर येत होतं, आणि न दाबून चालत नव्हतं, मेंढरं उसात शिरत होती.

नदी एकदाची पार झाली. पंगती बसल्या, उठल्या. हरणाबाई दोनदा जेवायला बोलवायला आली आणि आप्पासोंनी हातानंच तिला थांबवलं. पल्लवी खांबाजवळून हलली नाही. गेममध्ये वाटेवर एक कोकरू जन्मलं, ते खांद्यावर घेऊन चालावं लागलं. एका रात्री रस्त्यावर ट्रकनं दोन मेंढरं चिरडली. उसाच्या मालकानं हुसकावलं. वाटा बुजत गेल्या, कुंपणं वाढत गेली. वीरधवल खेळत होता आणि आपण किती चांगली गोष्ट नदीच्या अलीकडं टाकून दिली होती, हे त्याला पावलापावलाला कळत होतं. असं पुस्तक, असा गेम आपण याआधी किती वेळा असाच टाकून दिला असेल, हेही मनात येत होतं, आणि ते मोजायची त्याची छाती नव्हती.

शेवटी माळाच्या कडेला एक टेम्पो येऊन उभा राहिला. मेंढरं एकेक करून त्यात चढली. टेम्पो गेला. रिकामा माळ राहिला आणि ते एक बटण.

त्यानं दाबलं. “याऽऽ गं बायांनोऽऽ!”

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. हाळी माळावरून लांब गेली, कुणी आलं नाही. मग बटणही नाहीसं झालं. आता हाळी आपल्या आपणच येऊ लागली, थोड्या थोड्या वेळानं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा माईक लुकलुकायला लागला.

तेव्हा वीरधवलला कळलं. ‘ह्या गेमला माझा माईक कशाला पाहिजे?’ म्हणून त्यानं महाराष्ट्राला हसवलं होतं. गेमला फक्त एक ओ पाहिजे होती. कुणीतरी ती दिल्याशिवाय तो संपणार नव्हता.

“द्या की वो,” मागून एक म्हातारी म्हणाली. “हाक मारतोय न्हवं त्यो.”

वीरधवलनं तोंड उघडलं. ज्या आवाजावर त्याचं पोट होतं, नाव होतं, तो आवाज घशात कुठंतरी अडकून बसला. वस्ती बघत होती. एक साधी ओ. फोनमधून पुन्हा हाळी आली, ‘बायांनो’वर चिरकली आणि थांबली. पुन्हा आली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि आता ते पाणी कुणाला दाखवायचीही त्याला सोय राहिली नव्हती.

आप्पासो फोनकडे बघत नव्हते. समोरच्या मोकळ्या माळाकडे बघत होते. हाळी आणखी एकदा आली, तशी त्यांनी मान वर केली आणि पोटातून ओ दिली.

“ओऽऽऽ!”

कोपऱ्यातला माईक विझला. फोनमध्ये कुठंतरी लांब घुंगरू वाजलं, मग दुसरं, मग पुष्कळ. हळूहळू पडदा काळा झाला.

“संपला का गं?” आप्पासोंनी विचारलं.

“संपला, आबा.”

वीरधवलच्या खांद्यावरून घोंगडं खाली घसरलं होतं. आप्पासोंनी ते उचललं, धूळ झटकली आणि परत त्याच्या खांद्यावर टाकलं.

“मग पाव्हण्याला वाढ,” ते उठत म्हणाले. “सकाळधरनं उपाशी बसलाय.”